कौलाखालचा इतिहास



या व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र मला आले, तेव्हा मी संपावर, बोनसवर किंवा फार तर कामगार-कायद्यांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. पण मी त्यांना विषय कळविला तो आपल्या गल्लीतील झाडे, उंदीर, डास आणि पाखरे हा. तेव्हा चालकांपैकी एक तरुण गृहस्थ संकोचाने मला म्हणाले, "आपण युनियनचे. ही झाडे-पाखरे आपल्याकडे कुठून आली?" मी त्यांना म्हटले, "कुठून यायची? ती आमच्या चाळीतच राहत होती. भाडे तेवढे आम्ही भरत होतो."

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी विद्वान नाही. मी परळच्या एका चाळीत वाढलो. वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे दिवसा मिळेल ते काम आणि रात्री रात्रशाळा, असे शिक्षण झाले. त्यानंतरचे सारे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश मांडीवर ठेवून झाले. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्याचा थोडा भाग पुस्तकातला आहे आणि थोडा गल्लीतला. उदाहरणे मुंबईची देईन, कारण पाय तिथल्याच रस्त्यांवर झिजले. पण आपापल्या गावाला ती ताडून पाहणे आपल्याला कठीण जाणार नाही.

आपल्यात अशी एक समजूत आहे की, झाडपाला न्याहाळणे, पाखरांच्या मागे हिंडणे, किडामुंगी पाहत बसणे हा पोट भरलेल्या माणसाचा छंद आहे. ज्याला सकाळच्या पाळीचा भोंगा गाठायचा आहे त्याला ही चैन कशी परवडावी? मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. पण वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, इतिहास नेमका याच्या उलट बोलतो. गरिबांच्या वस्तीत जवळची वस्तू पाहणे हा कित्येकदा जगण्यामरण्याचा प्रश्न झालेला आहे. कोणी पाहिले, कोणी पाहिले नाही, आणि पाहिलेल्याची नोंद कोणी ठेवली, यावर लाखो माणसांचे जीव अवलंबून राहिले. आज मला एवढेच सांगायचे आहे.

सुरुवात नावांपासून करू. मुंबईचा नकाशा उघडा आणि नावे मोठ्याने वाचा. चिंचपोकळी, चिंचबंदर, उमरखाडी, वडाळा, फणसवाडी, ताडवाडी, जांभळी मोहल्ला. चिंच, उंबर, वड, फणस, ताड, जांभूळ! परळचे नाव पाडळीच्या झाडावरून पडले असे सांगतात, आणि कुर्ल्याचे खाडीतल्या कुर्ल्यांवरून. ही नावे कोणा गव्हर्नराने ठेवलेली नाहीत. ज्यांना त्या झाडाखालून रोज जावे लागे, त्या कोळ्याभंडाऱ्यांनी, कुणब्यांनी ती ठेवली. पत्ता सांगण्यासाठी त्यांना झाड पुरेसे होते, याचा अर्थ ऐकणारालाही ते झाड ठाऊक होते. आज चिंचपोकळीच्या स्टेशनावर रोज हजारो माणसे उतरतात. त्यांतल्या किती जणांना आपण एका चिंचेच्या नावाने उतरतो याची जाणीव असते? झाड गेले, नाव राहिले. पुढे पुढे नावातला अर्थही जातो. कुठलीही वस्तू नाहीशी होण्याआधी ती माणसांच्या नजरेतून नाहीशी होते, असा माझा अनुभव आहे. गिरण्यांचेही पुढे तसेच झाले, पण तो आजचा विषय नव्हे.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. तिच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार येई: "उंदीर पडायला लागले की मागंपुढं बघू नये, गाव सोडावं." लहानपणी मला ते नुसते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे वाटे. उंदीर पडतो म्हणजे काय, तो वर चढला तर पडेल! पण हे तिला तिच्या आईने सांगितलेले होते, आणि आईने ते डोळ्यांनी पाहिले होते. प्लेगच्या दिवसांत आढ्यावरचे, कौलाखालचे उंदीर झिंगल्यासारखे भर दिवसा खाली येत आणि माणसांदेखत गरगरून मरत. तसे झाले की गावकरी भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्या टाकीत आणि साथ ओसरेपर्यंत गावात पाऊल ठेवीत नसत. दूर हिमालयातल्या गढवाल-कुमाऊँकडील खेड्यांतही एकोणिसाव्या शतकात लोक असेच करीत, हे पुढे मी वाचले. उंदीर आणि माणूस यांच्या मरणाचा काही संबंध आहे, हे शाळा न पाहिलेल्या माणसाला कळलेले होते. कारण तो उंदराच्या शेजारी राहत होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ही साथ उघडकीस आली. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची दाट वस्ती. मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनी तेथील रोग्यांना पाहून हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. त्या वखारींतून उंदीर मोठ्या संख्येने मरत असल्याचे लोकांनी पाहिले होते. प्लेगचा जंतूही अज्ञात राहिलेला नव्हता. तो १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत येरसाँ याने शोधून काढला होता. म्हणजे जंतू ठाऊक होता, मेलेले उंदीर समोर होते, आणि मेलेली माणसेही समोर होती. मधला दुवा तेवढा कोणाला दिसत नव्हता.

मग सरकारने काय केले? सरकारला वाटले, रोग घाणीत आहे, ओलीत आहे, कोंदट हवेत आहे. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक ॲसिड ओतले. भिंतींना चुना फासला. घरांची कौले काढली. पण तीसुद्धा आत ऊन यावे म्हणून, कौलाखाली कोण राहतो ते पाहण्यासाठी नव्हे! फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि अधिकाऱ्यांच्या हाती घरात शिरण्याचे, माणसाला उचलून नेण्याचे, सामान जाळण्याचे अधिकार आले. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, आणि त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण सर्व जाणता. आमच्या मुंबईत त्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस, सुमारे हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर चाल करून गेले होते. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच.

त्या कामगारांना आडाणी म्हणणे सोपे आहे. दगडफेकीचे समर्थन मी करणार नाही. पण त्यांच्या जागी उभे राहून पाहा. आपले माणूस उचलून नेले जाते आणि त्याचे प्रेत परत येते. घरात गाठ आलेल्याला शोधतात. पण ज्याच्यापासून गाठ येते त्याला कोणी शोधत नाही. तपासणाऱ्यांची नजर माणसांच्या काखेत आणि जांघेत होती. उंदीर वाशांवरून फिरत होता, आणि त्याच्या केसांत जी फिरत होती ती तर कोणाच्या हिशेबातच नव्हती.

ती म्हणजे पिसू.

हा दुवा प्रथम पकडला तो पॉल-लुई सिमाँ नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने. पाश्चर संस्थेने त्याला हिंदुस्थानात पाठविले होते. हा मनुष्य बारीक गोष्टी पाहणारा होता. काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक लहानसा पाण्याचा फोड असतो हे त्याने पाहिले. तो कशाचा? डास किंवा पिसू चावल्यासारखा. त्याने एक हकीकतही टिपून ठेवली आहे, आणि ती कामगारांची असल्यामुळे माझ्या मनात कायमची राहिली आहे. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले, तेव्हा जमिनीवर मेलेल्या उंदरांचा खच पडला होता. वीस मजुरांना ते उचलून टाकण्याचे फर्मान सुटले. तीन दिवसांत त्या विसांपैकी दहा जणांना प्लेग झाला; कारखान्यातल्या इतर कोणाला काही झाले नाही. हवा सर्वांनी तीच घेतली होती, पाणीही तेच प्याले होते. फरक एवढाच की, वीस जणांचे हात उंदराला लागले होते. नुकताच मेलेला उंदीर थंड पडू लागला की त्याच्यावरच्या पिसवा उडून ऊबदार अंग शोधतात. ते अंग मजुराचे होते.

जून १८९८ मध्ये कराचीत सिमाँने एक साधा प्रयोग केला. प्लेगच्या घरातून आणलेला आजारी उंदीर, त्याच्या पिसवांसह, काचेच्या एका मोठ्या भांड्यात ठेवला. त्याच भांड्यात तारेच्या छोट्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून पिसू तेवढी जाऊ शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमाँने हे छापून प्रसिद्ध केले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने त्याची साक्षी-पुरावे पाहिले आणि पिसवेची ही कल्पना विचारात घेण्याजोगी नाही असे ठरविले! पुढची सात-आठ वर्षे ते काचेचे भांडे विसरले गेले. मंडळी, ही नुसती शास्त्रज्ञांची भांडणे नव्हती. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली. सगळ्या साथींची बेरीज तर एक कोटीच्या पुढे जाते.

आता आमच्या परळची गोष्ट. डॉक्टर हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. त्या आवाराच्या कडेने मी शाळेत जात असे. आत काय घडून गेले हे मात्र मला वयाच्या चाळिशीत कळले. तेथे लिस्टन नावाचे एक लष्करी डॉक्टर काम करीत होते. त्यांनी मुंबईच्या एका चाळीची जी हकीकत लिहून ठेवली आहे, ती मला सगळ्या कमिशनांच्या खंडांपेक्षा मोलाची वाटते.

त्या चाळीत एप्रिल महिन्यात उंदीर मरू लागले. काही दिवसांनी ते मरणे एकाएकी थांबले. आणि त्याच सुमारास भाडेकरू तक्रार करू लागले की, खोल्यांत पिसवांचा सुळसुळाट झाला आहे. तो इतका वाढला की लोकांना खोल्यांत निजणे अशक्य झाले, आणि ते गॅलरीत अंथरुणे टाकू लागले. आणखी थोड्या दिवसांत त्यांच्यापैकी काहींना प्लेग झाला. लिस्टन यांनी तेथे गिनीपिग सोडले, म्हणजे पिसवा पकडण्याचे जणू चालते सापळेच ठेवले. माणसांच्या अंगावरच्या पिसवाही गोळा केल्या. पाहतात तो त्यांत उंदरावर राहणाऱ्या जातीच्या पिसवा! उंदीर संपले, म्हणून पिसवा बेघर झाल्या. बेघर झाल्या, म्हणून माणसांवर आल्या.

या ठिकाणी थोडे थांबून विचार करा. हा पुरावा दिला कोणी? सूक्ष्मदर्शक लिस्टनचा होता, हे खरे. पण उंदीर केव्हा पडू लागले, केव्हा थांबले, पिसवा केव्हा वाढल्या, आपण गॅलरीत केव्हा निजू लागलो, हा सगळा क्रम ज्यांनी सांगितला ते चाळकरी होते. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. तरी प्लेगच्या शास्त्रात त्यांची साक्ष आहे. अशी 'पिसवा फार झाल्यात' ही तक्रार त्यापूर्वीही शेकडो चाळींतून झाली असेल. ती रडगाणे म्हणून सोडून न देता पुरावा म्हणून ऐकणारा मनुष्य त्या दिवशी भेटला, एवढेच विशेष.

लिस्टन यांनी हे सारे प्रथम कोठे मांडले, तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १८८३ साली मुंबईत पशुपक्ष्यांची हौस असलेल्या काही गृहस्थांनी एक सभा स्थापन केली होती. ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. शिकारी, व्यापारी, अधिकारी असे तिचे सभासद. तिच्या नियतकालिकात वाघाची कातडी, फुलपाखरांचे पंख, सापांचे खवले यांची चर्चा चाले. त्या सभेपुढे लिस्टन यांनी १९०४ साली प्लेग, उंदीर आणि पिसवा यांवर व्याख्यान दिले, आणि ते १९०५ साली तेथेच छापून आले. ज्याला आपण हौस म्हणतो ती, आणि ज्याला आपण जगण्यामरण्याचा प्रश्न म्हणतो तो, असे एका टेबलापाशी येऊन बसले.

पुढे १९०५ पासून परळच्या आवारात नव्या मंडळाने प्रयोग केले. वेगवेगळ्या छपरांच्या झोपड्या बांधल्या: देशी कौलांची, सपाट कौलांची, पत्र्याची. देशी कौलाखाली उंदीर सुखाने नांदतो, पत्र्याखाली त्याला थारा नाही, हे दिसले. गिनीपिगचे पिंजरे जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीलगतचे मेले, दोन फुटांवर टांगलेले वाचले. कारण पिसू जेमतेम चार-पाच इंच उंच उडते. बारीक जाळीच्या आतले प्राणी प्लेगच्या घरातही वाचले. आणि शहरभर रोज उंदीर तपासून क्रमही बसविला: आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत साथ, मग साधारण दहा-बारा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर तितक्याच दिवसांनी माणसांत.

ही दोन फुटांची गोष्ट वाचली तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. खाट ज्याला परवडत होती तो जमिनीपासून वर निजत होता. आमचे पणजोबा आणि त्यांचे सोबती गिरणीतून येऊन, एका खोलीत दहा-पंधरा, जमिनीवर ओळीने पडत होते. आणि आजीच्या आईचे वाक्य? उंदीर पडले की जागा सोडा. शास्त्राला ते खरे असल्याचे सांगायला दहा वर्षे लागली. तिला कारण ठाऊक नव्हते, पण क्रम ठाऊक होता. तिच्याजवळ नव्हती ती लेखणी.

डासांचे प्रकरण थोडक्यात सांगतो. हिवताप दलदलीच्या दुर्गंधीतून येतो अशी जुनी समजूत. तो डासातून येतो हे रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेस दाखविले. पण डासाच्या पुष्कळ जाती; मुंबईत दोषी कोण? मघाचे लिस्टनच येथे पुन्हा भेटतात. ते वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे असताना त्यांनी तेथल्या डासांचे वर्णन केले, आणि १९०१ साली एका जातीला स्टीफन्सी हे नाव दिले. पुढे बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापाची तपासणी केली, तेव्हा मुख्य गुन्हेगार हाच ठरला. तो राहत कोठे होता? गटारात नव्हे. घरच्या विहिरीच्या आणि टाक्यांच्या नितळ पाण्यात! ज्या विहिरीवर लोक फूल वाहत, दिवा लावीत, तिच्याच पाण्यात. विहिरी बुजविण्याचे, झाकण्याचे हुकूम निघाले तेव्हा लोकांनी मोठी तक्रार केली. आणि ती समजण्यासारखी होती. पण ज्याने विहिरीत वाकून पाण्याशी समांतर आडवी पडलेली ती बारीक अळी एकदा पाहिली असेल, त्याला हुकुमाची गरज उरली नसेल. विहिरी गेल्या, तो डास गच्चीवरच्या टाकीत राहायला आला. आपणही चाळीतून इमारतीत गेलो, तोही गेला.

आता पाखरांविषयी थोडे. नाही तर मी फक्त उंदीर-डासांचाच वकील आहे असे वाटेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला, त्याच शहरात, एक मूल जन्माला आले. आईबाप लहानपणीच गेले. खेतवाडीत मामाच्या घरी ते वाढले. बारा-एक वर्षांचे असताना त्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. रोजच्या चिमणीला तो नसतो. मामा त्या सोसायटीचे सभासद. त्यांनी मुलाला तेथे पाठविले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. एक पिवळा ठिपका दिसला, आणि तो वेगळा आहे हे ध्यानात आले, एवढ्यावर एक आयुष्य उभे राहिले.

पण मला त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक गोष्ट अधिक जवळची वाटते. १९३० च्या सुमारास ते जर्मनीतून शिकून परत आले, तेव्हा त्यांची नोकरीच राहिली नव्हती. आमच्या भाषेत सांगायचे तर कपात झाली होती. खर्च परवडेना म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. कामधंदा नसलेला हा मनुष्य ती घरटी पाहत बसला आणि रोज टिपून ठेवू लागला. आपल्या भाषेने त्या पक्ष्याला बाईचे नाव दिले आहे. पण विणकाम करतो तो नर, हे तेथे नोंदले गेले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर राहते, आणि मग नर दुसरे विणायला घेतो. हजारो वर्षे हा पक्षी आपल्या विहिरींवर लोंबकळत होता. आपण त्याच्या कारागिरीचे कौतुक केले. कारागीर कोण हे विचारले नाही. कामगाराच्या बाबतीत जे होते तेच येथेही झाले, असे म्हणालो तर आपण हसाल, पण मला ते खरे वाटते.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आता औषधे आहेत, प्रयोगशाळा आहेत. त्यांना मी बीड जिल्ह्यातील मामला या गावची आठवण देतो. ऑगस्ट १९९४ मध्ये त्या गावात उंदीर पडू लागले आणि पिसवांनी लोकांना हैराण केले. महिन्याच्या अखेरीस गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडले; जगाने आपल्याकडची विमाने थांबविली. तेथेही क्रम तोच: उंदीर, मग पिसवा, मग माणूस. आणि पहिले पाहणारे तेच: गावचे लोक.

शेवटी माझ्या धंद्यातील एक लहानसा अनुभव सांगून आपली रजा घेतो. आमच्या युनियनमध्ये रस्ते झाडणाऱ्या कंत्राटी बायका आहेत. त्यांच्यातल्या एक मावशी मला दर वर्षी सांगत, "भाऊ, थंडी सरली की माझा कचरा दुप्पट होतो." कंत्राटदार म्हणे, बाई कामचुकार आहे, कचरा काय ऋतू पाहून पडतो? मी मावशींबरोबर पहाटे त्यांच्या रस्त्याने हिंडलो. लिहिता-वाचता येत नसलेल्या त्या बाईने मला अख्खे पंचांग सांगितले. आधी बदामाची लाल पाने गळतात, ती मोठी आणि जड. मग त्या मोठ्या विलायती शिरीषाची बारीक पाने, ती खराट्यात सापडत नाहीत. मग पिंपळ. मग सोनमोहोराचा पिवळा सडा. लोक त्याचे फोटो काढतात, मावशी तो उचलतात. मी त्यांना म्हटले, "मावशी, रोज किती ढकलगाड्या भरल्या तेवढ्या रेघा भिंतीवर ओढा." त्यांनी दोन वर्षे कोळशाने रेघा ओढल्या. मी त्या वहीत तारखेसह उतरवून घेतल्या, आणि ती वही टेबलावर ठेवून बोलणी केली. त्या गळतीच्या दिवसांपुरत्या त्या रस्त्यावर दोन बायका अधिक मिळाल्या. मोठा विजय नव्हे. पण त्या वर्षी मावशींची कंबर धरली नाही.

तीस वर्षांत मी एवढे शिकलो की, तारीख नसलेली तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. काय पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, हे लिहिले तर ते पुरावा होते. न लिहिले तर रडगाणे. चाळकऱ्यांच्या पिसवांना लिस्टन भेटला. आजीच्या उंदरांना कोणी भेटला नाही. प्रत्येक वस्तीला लिस्टन भेटेलच असे नाही, म्हणून वही आपलीच ठेवावी. दोन ओळी पुरतात: आज अमक्या गल्लीत पिंपळाला पालवी फुटली; आज कोपऱ्यावरचे झाड तोडले; आज गटारापाशी तीन मेलेले उंदीर दिसले; या वर्षी चिमण्यांनी माळ्यावर घरटे केले नाही. दहा वर्षांनी ती वही तुमच्या वस्तीचा इतिहास होईल. आणि एखाद्या वाईट वर्षी ती तुमच्या मुलांचे प्राणही वाचवील.

सभा संपल्यावर आपण घरी जाल. वाटेत आपल्या गल्लीच्या तोंडाशी एखादे झाड असेल. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, तेवढे स्वतःला विचारा. ठाऊक नसेल तर सकाळी झाडायला येणाऱ्या बाईंना विचारा. त्यांना ठाऊक असेल.